लाइन क्लिअर

काशीत मंगळागौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत एक वळण आहे. तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते, आणि सांड आला तर दोघांनाही. या वळणाच्या अलीकडे लेलेकाका थांबत. काखेत छत्री, छातीशी धरलेली पिशवी, मान जरा पुढे. आणि खणखणीत आवाजात विचारत, "लाइन क्लिअर?"

पलीकडे पानवाला बसे. तो हातातलं पान खाली ठेवून दोन्हीकडे बघे आणि ओरडे, "किलियर हौ काका, चलल आवा!" मगच काका पाऊल टाकत. एकदा पानवाला जेवायला गेला होता. काका भर जेठाच्या उन्हात हातात दुधाची बरणी घेऊन इतका वेळ उभे राहिले की घरी गेल्यावर त्या दुधाचं पनीरच करावं लागलं.

मी नाशिकची. लग्न होऊन काशीत आले तेव्हा माहेरच्यांनी सांगितलं होतं की तिकडे आपलेच लोक आहेत, मराठी बोलतात, काही वेगळं वाटायचं नाही. पहिल्याच सकाळी खिडकीखाली हे 'लाइन क्लिअर' ऐकलं आणि म्हटलं, अगं बाई, घराखालून रेल्वे जाते की काय! सासूबाई म्हणाल्या, "जात नाही, रिटायर झालीय."

काका रेल्वेच्या सिग्नलखात्यात होते. एकेरी लाइनवर पुढचं स्टेशन 'लाइन क्लिअर' देत नाही तोवर मागच्या स्टेशनातून गाडी सोडत नाहीत. हा निरोप ज्या यंत्रांतून जातो ती यंत्रं नीट ठेवायची, त्यांच्या तारा तपासायच्या, हे काकांचं काम. नोकरी संपली, पण तपासणी काही संपली नाही. कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन ओढायचं. चहा पुढे केला की, "साखर घातली? ढवळली? पक्कं?" शिंक आली तरी आधी आजूबाजूला कोणी गरम काही घेऊन उभं नाही ना ते बघायचे, तोवर शिंक निघून जायची. बिचारे वर्षानुवर्षं पुरतं शिंकले नसतील.

लग्न केलं नाही. एकदा मी भोचकपणे विचारलंच. म्हणाले, "सूनबाई, आमची एकेरी लाइन. तीवर अक्का आधीच आहे. समोरून दुसरी गाडी सोडली आणि टक्कर झाली तर जबाबदारी कोणाची?"

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. काकांची आई ते लहान असतानाच गेली, अक्कांनीच त्यांना वाढवलं. अक्कांचंही लग्न झालं नाही. पत्रिकेत मंगळ असा ठाण मांडून बसला होता की सांगून आलेली स्थळं पत्रिका बघूनच परत जायची. म्हणजे एका घरात दोन म्हातारी भावंडं, एक घाबरणारा आणि एक न घाबरणारी. अक्का त्यांना सगळ्या गल्लीसमोर दत्तू म्हणत आणि काकांनी 'लाइन क्लिअर?' विचारलं की स्वयंपाकघरातून ओरडत, "ये मेल्या, ये, काही खात नाही तुला!"

इथे आमच्या यांचा एक पराक्रम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या लग्नाच्या वर्षीची गोष्ट. हे ओट्यावर बसले होते. वळणापलीकडून काकांचा प्रश्न आला. समोर सांड उभा होता, हा असा. आणि ह्यांनी काय करावं? मित्रांसमोर चेष्टा म्हणून ओरडले, "क्लिअर!" काका वळले आणि थेट सांडाच्या नाकाशी आले. लागलं काही नाही, पिशवीतला पालक तेवढा गेला. पण काका ओट्यावर येऊन बसले ते पिशवी छातीशी धरून. पाणी दिलं तर घेईनात. यांना म्हणाले, "श्रीधर, पालकाचं काही नाही रे. पण खोटी लाइन क्लिअर? गाडीत बायकापोरं झोपलेली असतात रे, श्रीधर."

तेव्हापासून यांची लाइन क्लिअर काकांनी कधी घेतली नाही. हे ओरडले, "क्लिअर, काका!" की पलीकडून शांतपणे उत्तर येई, "दुसऱ्या कोणाला विचारतो." बोलणं चालू, सणाला येणं-जाणं चालू, यांच्या हातचा प्रसादही घेत. एवढं एक मात्र नाही. यांना ते लागे. दाखवत नसत, पण वळणावर काकांचा आवाज आला की उठून आत जात.

आता डबीकडे येते.

काकांच्या माडीवर एक जपानी मुलगी भाड्याने राहायला आली, पखवाज शिकायला. नाव युमिको. अक्कांनी पहिल्याच दिवशी तिची उमा करून टाकली. उमा सकाळी पखवाज बडवी, दुपारी अक्कांजवळ बसून पोळ्या लाटायला शिके आणि मराठी बोले. आमच्या इथली मुलं घरात हिंदी झाडतात आणि ही जपानची पोरगी म्हणायची, "अक्का, मला मेतकूट पाहिजे." काका आधी तिच्या पासपोर्टच्या, मग तिच्या पोटाच्या, मग तिच्या गंगेत उतरण्याच्या काळजीने अर्धे झाले. ती पोहायला उतरली की हे पंचगंगा घाटाच्या पायरीवर तिचे टॉवेल-चपला धरून उभे. गल्लीतल्या लोकांनी दोन वर्षं हे बघितलं. लेलेंच्या घरातून हसण्याचा आवाज येतो हे त्या दोन वर्षांतच कळलं.

उमाचा कॅमेरा पहिल्याच महिन्यात माकडाने नेला. मग तिच्याजवळ राहिली ती डबी. हातात मावणारा खेळायचा गेम, आपल्याकडेही श्रीमंतांच्या मुलांकडे असतो तसा, पण हिच्या डोक्यावर एक गोल डोळा बसवता येई. तो डोळा वळवला की फोटो निघे, आणि डबीच्या इवल्याशा पडद्यावर दिसे. राखाडी, धूसर, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. उमाने त्यात सगळं काढलं. स्वतःला, अक्कांना, पोळपाटाला, दोघींना मिळून. जाताना तिने ती डबी अक्कांच्या हातात ठेवली. "अक्का, मी यात आहे," म्हणाली. प्रत्येक चित्रात काय आहे ते शेजारी बसून ओळीने सांगितलं. मग रडत रिक्षात बसली. काकांनी रिक्षाचं चाक तीनदा तपासलं.

अक्कांना डबीतलं काही दिसेना. काचबिंदू. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस ते सांगता येत नाही, बघायचं ते बघून घेऊ द्या. अक्कांचं म्हणणं वेगळंच. "मला सगळं स्वच्छ दिसतं. ती डबीच मेली बारीक आहे." काकांनी भिंग आणलं, दिवा धरला. डबीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, भिंगातून नुसतं राखाडी धुकं मोठं होई. अक्का दुपारी ती मांडीवर घेऊन बसत आणि उमाने सांगितलेली चित्रं ओळीने म्हणत, आपण स्तोत्र म्हणतो तशी. काकांना ते सहन होईना.

एका सकाळी माझ्याकडे आले. दारातून, "लाइन क्लिअर?" मी म्हटलं, "या काका." तरी पायपुसण्यावरच उभे. "सूनबाई, तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा केवढा?"

आमच्या घरी कॉम्प्युटर होता तो पत्रिकांसाठी. मामंजी ज्योतिषी. मी नाशिकला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. माझ्या डोक्यातून निघालं की पत्रिका कॉम्प्युटरवर छापाव्यात. मामंजी आधी चिडले, मग पार बलिया जिल्ह्यापासून यजमान यायला लागले तेव्हा स्वतःच लोकांना सांगू लागले की आमची सून मशीनवर ग्रह मांडते. सबंध दिवस प्रिंटर करकरत असे.

"त्या डबीतली उमा तुमच्या पडद्यावर घ्यायची," काका म्हणाले. "एवढी मोठी. अक्काला दिसेल. लवकर मात्र करायला पाहिजे."

मी म्हटलं, "काका, गेमची डबी आणि कॉम्प्युटर यांची ओळख ना पाळख. कसं व्हायचं ते?"

"होतं," काका म्हणाले आणि एकदम आवाज खाली आणून, "मी बघून आलोय."

गोदौलिया चौकाच्या बाजूला नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता. तिथे काका, ज्यांना लिफ्टची भीती वाटायची, इंटरनेटवर बसून आले होते! उमाने त्यांना कधीतरी सांगितलं होतं की या डबीचा स्वतःचा एक छोटा प्रिंटर असतो, त्यावर फोटो छापता येतात. तो प्रिंटर आपल्याकडे कुठला मिळायला. पण परदेशात कोणा हौशी माणसाने घरी बसून एक प्रोग्रॅम लिहिला होता. कंपनीचा नाही, घरगुती. डबीची वायर कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या भोकात लावायची आणि तो प्रोग्रॅम चालवायचा. डबीला वाटतं समोर आपला प्रिंटर आहे, ती बिनधास्त फोटो पाठवून देते, आणि इकडे कॉम्प्युटर तो पकडतो. काकांनी तो प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून, फ्लॉपी जेवणाच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी छातीशी, असा घरी आणला. माकडं फ्लॉपी खात नाहीत हे मी सांगून बघितलं.

प्रोग्रॅमसोबत इंग्रजीत एक कागद होता. त्यात शेवटी लिहिलेलं की वापरणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा. तेवढ्यावर काका आठवडाभर अडले. "रेल्वेत असं लिहून सिग्नल दिला तर? 'गाडी स्वतःच्या जबाबदारीवर न्यावी'? हा कसला माणूस?"

त्यातून सुटले तर आणखी एक अडचण. मी त्यांना समजावून सांगत होते की डबी विचारते, प्रिंटर आहे का, कागद आहे का, सगळं ठीक आहे का, आणि प्रोग्रॅम प्रत्येक वेळी उत्तर देतो की ठीक आहे.

काका ताठ बसले. "पण प्रिंटर तर नाही."

"नाही."

"कागदही नाही."

"नाही हो काका."

"म्हणजे खोटी लाइन क्लिअर द्यायची."

मी कपाळाला हात लावला. "अहो, डबी आहे ती! तिच्यात कोण बायकापोरं झोपलीत?"

"उमा आहे," काका म्हणाले. "अक्का आहे."

डोंबल! पण दुसरा मार्ग नव्हता. शेवटी गोष्ट अक्कांच्या कानावर गेली आणि त्यांनीच ओरडून निकाल दिला, "अरे दत्तू, त्या डबीचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मला माझी पोरगी दाखव."

वायर काकांनी स्वतः केली. उमाच्या डबीबरोबर एक जोडवायर होती, ती मधे कापायची, आत कोणती तार काय काम करते ते शोधायचं आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरचा प्लग लावायचा. कापायचं नुसतं म्हटलं तरी काकांचा हात कापे. "पुन्हा मिळायची नाही, सूनबाई. गलत कापली तर खेळ खलास." मामंजींनी पंचांग बघून वेळ काढून दिली, थोडं चिडवत, पण काकांनी ती वेळ खरीच पाळली. आणि पकड हातात घेतल्यावर मात्र गंमत झाली. हात कापायचा थांबला. तार सोलणं, सोल्डर वितळवणं, जोड फुंकणं, सगळं असं सफाईने की मी बघत राहिले. आयुष्यभर या माणसाच्या हातांच्या भरवशावर रात्रीच्या गाड्या गेल्या होत्या. काम संपलं, पकड खाली ठेवली आणि हात पुन्हा कापायला लागला.

मग आमच्या घरी झंझट सुरू झाली. प्रिंटरला आणि डबीला जागा एकच. काका आले की माझ्या प्रिंटरची वायर काढायची, त्यांची लावायची. बाहेर यजमान लग्नाच्या पत्रिकांसाठी खोळंबलेले, मामंजी आतबाहेर करतात, आणि काका प्लगला हात लावायच्या आधी विचारतात, "बटण बंद? पक्कं? कोणी बंद केलं?" खरे फोटो काही ते घेऊ देईनात. आधी एक बिनमहत्त्वाचा फोटो पाठवून बघू म्हणाले. म्हणून त्यांनी डबीनेच वळणावरच्या सांडाचा फोटो काढला, लांबून. तो पाठवला. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरायला लागली, आधी शिंगं, मग कपाळ, मग डोळे, आणि शेवटी 'टुंग' असा आवाज झाला. मी टाळी वाजवली. दारात एक बलियाचे यजमान उभे होते, नातवाच्या पत्रिकेसाठी आलेले. त्यांनी पडदा बघितला, जोडे काढले आणि हात जोडले. "साच्छात नंदी महाराज!" मामंजींनी त्यांना खरं काही सांगितलं नाही. धंदा आहे शेवटी.

"झालं की काका," मी म्हटलं, "आता लगेच उमाचे घेऊन टाकू."

"दसऱ्याला," काका म्हणाले. "अक्काचं म्हणणं आहे. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. ती नवी साडी नेसून बसणार आहे."

मी मनात चडफडले. एवढी घाई घाई करायची आणि मुहूर्तासाठी थांबायचं! आणि आता मलाही त्यांची काळजी चावायला लागली होती. अक्का आमच्याकडे आल्या की मी बघायची, चप्पल कशी शोधतात, कपाची कडा बोटाने कशी चाचपतात. अंगात काळजी शिरली की माणूस सगळीकडे तेच बघतो. मी स्वतःला दटावलं.

खंडेनवमीला लेलेंकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर काकांची पकड, पेचकस, सोल्डरचं यंत्र, आणि यावर्षी मध्यभागी डबी. पूजा अक्काच करायच्या. मी प्रसादाला गेले तेव्हा बघितलं, हळदकुंकू भरभरून वाहिलेलं, झेंडूची फुलं, अक्षता. पकडीला लावायचं कुंकवाचं बोट शेजारी पाटावरच उमटलं होतं. मी हसून म्हटलं, "अक्का, घाईत होता वाटतं?" तर म्हणाल्या, "हो गं, पुरणाला वेळ होत होता." छान होती पुरणपोळी.

दसऱ्याच्या दुपारी अक्का आल्या. मोरपंखी साडी, केसांत शेवंती, काकांच्या दंडाला धरून. मी त्यांना पडद्यासमोर खुर्ची दिली. प्रिंटर काढला, वायर लावली. काकांनी सगळं तपासलं, दोनदा. डबी चालू केली. पाठव म्हटलं.

काही नाही. डबी म्हणते, प्रिंटर नाही.

पुन्हा. नाही. काकांनी वायरचा एकेक जोड बघितला. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. डबीचे सेल बदलले. दुसऱ्या फ्लॉपीवरून लावून बघितला. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर यायला लागला. "कालपरवापर्यंत चालत होतं! सूनबाई, मी सेल उलटे तर नाही घातले? माझ्या हातून तर नाही काही... आत बटणासारखा एक सेल असतो, त्याच्यावर सगळी चित्रं धरून आहेत. तो गेला असेल तर? सगळं पुसलं गेलं असेल तर?" मी म्हटलं, "काका, चित्रं डबीत दिसतायत की अजून." ते ऐकेनात. अक्का मात्र शांत, हात मांडीवर जोडून. "होईल रे. घाई नको करूस."

मी डबी उचलून उजेडात धरली. तिच्या कुशीला जिथे वायर लागते ते बारीक भोक लालभडक दिसत होतं. कुंकू. गच्च भरलेलं, तुपात कालवून घट्ट बसलेलं, वर हळद.

"कप्पाळ माझं!" मी म्हटलं. "हे कालचं पूजेचं!"

काकांनी डबी माझ्या हातातून घेतली. बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. मग अगदी सावकाश विचारलं, "अक्का, डबीला कुंकू कुठे लावलंस काल?"

"कुठे म्हणजे? दर्शनी भागावर, मधोमध," अक्का म्हणाल्या. "चांगलं ठसठशीत उमटलं होतं की."

डबीचा दर्शनी भाग कोरा होता. त्यावर कुंकवाचा कणही नव्हता. काका डबीवरून मान वर करेनात. मला वाटलं, रागावले. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि ते भोक साफ करायला बसले, पुन्हा पुन्हा. हात अजिबात कापत नव्हता.

मग वायर लावली आणि डबीने मानलं. पडद्यावर वरून ओळी उतरायला लागल्या. आधी आकाश, मग पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर ओल्या केसांची उमा, डोळे मिटून हसणारी. केवढी मोठी! चौकटीचौकटींची, राखाडी, पण तीच. 'टुंग'.

"ही घाटावरची," अक्का म्हणाल्या. "केस पुसले नव्हतेन मेलीने. सर्दी झाली मग."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दिसलं की! मी काकांकडे बघितलं, म्हटलं, बघा, उगाच जीव काढता. काका डबीवर नजर लावून पुढचा फोटो पाठवत होते. 'टुंग'. "हा पोळपाटाचा. तिची पहिली पोळी, नकाशाच होता तो." 'टुंग'. "हा दत्तू. छत्री उन्हात उघडलीय बघ, वेडा कुठला." एकेक येत होतं आणि अक्का खुर्चीत पुढे सरकून, हसून, सांगत होत्या. आतून मामंजी येऊन उभे राहिले. यजमान बाहेर थांबले होते, कोणी कुरकुरलं नाही.

राहिला शेवटचा. अक्कांचा सगळ्यात लाडका, त्या आणि उमा मिळून काढलेला. काकांनी पाठवला. पडद्यावर पहिली ओळ आली, काळी. दुसरी काळी. वायर हलली की आत कुंकवाचा कण राहिला होता देव जाणे, ओळ उतरते ती काळी, सगळा पडदा वरपासून खालपर्यंत काळाठिक्कर. मी वायरकडे हात नेला. 'टुंग'.

"ह्या आम्ही दोघी!" अक्का म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी पडद्याकडे नेले, पडद्याच्या जरा डावीकडे. "बघ ना, कशी बिलगलीय मला. माझा पदर तिच्या डोक्यावर आलाय. गाल बघ कसे! सूनबाई, किती स्वच्छ दिसतंय गं हे. इतके दिवस मेल्या डबीत कळतच नव्हतं."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. थांबायचा सिग्नल असतो तसा.

"सगळी आली ना रे, दत्तू?" अक्कांनी विचारलं. "एकही राहिलं नाही ना?"

काका त्या काळ्या पडद्याकडे बघत होते. चष्मा घामाने भरला होता, तो त्यांनी पुसला नाही. आवाज मात्र तोच आला, गल्लीच्या वळणावरचा, खणखणीत.

"लाइन क्लिअर, अक्का."

अक्का समाधानाने मागे टेकल्या. मामंजी वळून आत गेले. मी पदराचा बोळा तोंडात धरून उभी.

त्या पाणी प्यायला सासूबाईंकडे गेल्या तेव्हा मी हळूच म्हटलं, "काका, तो एक परत पाठवून बघू. वायर नीट करून. येईल."

काका डबी रुमालात गुंडाळत होते. "कशाला, सूनबाई? जिला बघायचं होतं तिने बघितलं." मग थोडं थांबून म्हणाले, "कधीपासून दिसत नाहीये, कोण जाणे. मी घाबरीन म्हणून बोलली नाही."

संध्याकाळी दोघं निघाली. अक्कांनी आपट्याची पानं वाटली, मला म्हणाल्या, "आता रोज डोळ्यासमोर राहील गं ती." काकांनी त्यांचा हात आपल्या दंडात घट्ट धरला आणि दोघं वळणाशी जाऊन थांबली. दसरा म्हणून पानवाल्याने दुकान लवकर बंद केलं होतं. पलीकडे आमचे हे दुर्गाकुंडाच्या देवळातून परत येत होते. मी खिडकीत होते, मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

"लाइन क्लिअर?" काकांनी विचारलं.

हे थबकले. आधी गल्लीच्या वरच्या अंगाला बघितलं, मग खालच्या. एक सांड देवळाच्या ओट्याला अंग घासत उभा होता, त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला आतल्या बोळात घातला आणि बोळाच्या तोंडाशी स्वतः आडवे उभे राहिले. मग घसा साफ केला.

"क्लिअर आहे, काका. श्रीधर बोलतोय."

वळणाच्या अलीकडे काका मान पुढे करून उभेच. अक्का म्हणाल्या, "चल ना रे." काकांनी छत्री काखेत सारखी केली.

"आलो रे श्रीधर," काका म्हणाले आणि अक्कांना घेऊन वळले.